बोला म्हणजे चेंडू

सोळा भाग पाह्यले, कांचन. सोळा.
झेरॉक्सचं दुकान आवरून, शटर अर्धं ओढून,
मोबाईल पंचिंग मशीनला टेकवून,
कारण रेंज घाटंजीतच आहे,
आपल्या गावात ती अजून टाकीवर चढल्याशिवाय येत नाही.

मनिलाच्या कुठल्याशा कॉलेजातल्या व्हॉलीबॉलच्या पोरी.
खाली इंग्रजी अक्षरं पळतात, त्यांच्यामागून मी.
पहिल्याच भागात कळलं, मोठ्या बहिणीला ते आते म्हणतात
अन् चेंडूला बोला.
एकटीच हसले. म्हटलं, बोला आता.

तो बोललाच नाही.

आपला कसा बोलायचा, आठवते?
बोबडे सरांनी मोच्याकडून तीनदा शिवून आणलेला.
टाक्यांची बाजू लागली की ठप्प,
कोरी बाजू लागली की टण्ण.
मी बाकावर डोळे मिटून सांगायची कोणी मारला.

यांच्याकडे लाकडाची फरशी, तोंड दिसेल अशी.
पडल्या तरी गुडघ्याला काही नाही.
सर्व्हिस टाकायच्या आधी केस उडतात,
बंद हॉलमध्ये वारा कुठून येतो बाप्पा,
अन् चेंडू वर गेला की कॅमेरा
त्या टोपीवाल्या पोराकडे.
दर वेळी. तो वेफर खात असतो. तो उदास असतो.
चेंडू खाली कधी आला, दुसऱ्या टचला कोण धावली,
काही नाही. थेट टाळ्या.

रात्री तुला मेसेज टाकला
तर तू म्हणे, लव्हस्टोरी आहे ते,
काहून जीव जाळतं वं?

लव्हस्टोरीचा राग नाही मला.
मी अकरा नंबरसाठी पाहत होते.

तुला ती दिसली नसेल.
बाकावर शेवटची, मांडीवर टॉवेल, वेणीला निळं रबर.
आठ भागांत एक वाक्य नाही तिला.
पण चेंडू हवेत असला की अख्ख्या बाकावर
तिचीच मान वळते त्याच्यासोबत.
बाकीच्या, कॅमेरा कुठे आहे ते पाहतात.
मला वाटलं, हिला येतं. खरंच येतं.
आता उठवतील हिला.
सहाव्या भागात कॅप्टनचा पाय मुरगळला
तेव्हा मीच उभी राह्यले दुकानात.

नवव्या भागात ती नाही.
बाक तोच, बाटल्या तेवढ्याच,
कुठे गेली म्हणून कोणी विचारत नाही.
अकरा नंबरचा शर्ट दुसऱ्याच पोरीच्या अंगात.

रजनी उईके अशीच गेली ना सेकंड इयरला.
दिवाळीच्या सुट्टीनंतर आलीच नाही.
पांढरकवड्याला इंटर-कॉलेज होती,
सरांनी यादीत तिच्या नावावर रेघ मारली
अन् वर माझं लिहिलं.
कपाटात राहिलेले तिचे बूट मी घातले,
अर्धा नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून.
जिंकलो आपण त्या दिवशी.
येताना एसटीत केवढा धिंगाणा,
कंडक्टर म्हणे, पोट्ट्यायहो, गाडी थांबवू का?
तू विचारलं होतंस का कोणाला?
मी नाही विचारलं.

असो. शेवटच्या भागात फायनल.
चोवीस-चोवीस. श्वास धरला मी.
चेंडू वर गेला,
टोपीवाला उभा राहिला
अन् पडद्यावर अक्षरं आली: एका वर्षानंतर.

एका वर्षानंतर!
कोण जिंकलं, तेही भिंतीवरच्या फोटोतून ओळखायचं.

मी मागे गेले. आठवा भाग, एकतिसावं मिनिट.
तिथे ती बाटली पुढे करते. थांबवलं,
दोन बोटांनी ताणून मोठं केलं.
करंगळीला पट्टी आहे तिच्या.
मळलेली, टोकाशी सुटत आलेली.
म्हणजे खेळत होती कुठेतरी,
आपल्याला न दाखवता.

रजनीचा फोन नंबर असेल तर पाठव.
जुना नको. तो लागत नाही.